माझं बांडगूळ उतरवायला रायपूरला

लग्नानंतरच्या पाच वर्षांत मी सासरचं आंब्याचं झाड मारलं. कुऱ्हाडीला हातही न लावता, निव्वळ हौसेपायी. ही कबुली मी आजवर कुठे दिलेली नाही. आता सत्तरी आली, दात गेले, गुडघे गेले; अब्रू तेवढी कशाला जपत बसू? म्हणून रायपूरच्या प्रवासाची हकिगत या झाडापासूनच सुरू करते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नाशिकच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. सेकंड क्लासच, पण मिजास अशी की झाडांना हिरवा रंग जणू मीच वाटला होता. सासर रायपूरचं, बूढ़ापाऱ्यातलं (तिकडे वस्तीला ‘पारा’ म्हणतात). मराठ्यांच्या राज्यापासून तिथे रुजलेलं घर. अंगणात आंबा, आणि पहिल्याच डिसेंबरात त्या आंब्यावर मला बांडगुळाचा भला मोठा झुबका दिसला. केशरी-गुलाबी नळीसारखी फुलं, जाड पानं. बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या फांदीत मूळ घुसवून तिचं पाणी पिणारं झाड. लबाड, पण दिसायला देखणं.

त्याच सुमारास एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिलं होतं. विलायतेत नाताळात दारावर ‘मिसलटो’ची डहाळी टांगतात आणि तिच्याखाली जो सापडेल त्याची पप्पी घेतात. मिसलटो ही आपल्या बांडगुळाचीच लांबची मावसबहीण. झालं! घरात सात माणसं, नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर विहिरीवर जायचं निमित्त काढावं लागे. इथे तर विज्ञानानंच वाट दाखवली होती.

सुकालू नावाचा गडी दर हिवाळ्यात बांडगूळ काढायला येई. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्याला हळूच म्हटलं, “वो बड़ा वाला छोड़ दो.” त्यातली एक डहाळी लाल फितीनं बांधून माजघराच्या दारावर टांगली आणि यांची वाट पाहत दाराआड उभी राहिले.

पहिले आले मामंजी. माझी अशी गाळण उडाली की मी सरळ वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, “आज काय आहे?” मागोमाग सासूबाई. “हे कसलं तोरण गं?” मी तोंडाला येईल ते बोलले: “आमच्याकडे नाशिकला लावतात. मार्गशीर्षात.” नेमका गुरुवार होता. सासूबाईंनी तडक हळदकुंकू आणून त्या पप्पीच्या डहाळीला वाहिलं. शेवटी आमचे हे आले. उंच माणूस, डहाळी कपाळावर आपटली. म्हणाले, “हा कचरा इथे कोणी टांगला?”

पप्पी राहिली बाजूला, पण तोरण त्या घरात कायमचं शिरलं. सासूबाई दर मार्गशीर्षात विचारायच्या, “सूनबाई, तुझ्या माहेरचं तोरण?” आणि मी दर वर्षी सुकालूच्या कानात सांगायची, मोठा झुबका ठेव. बांडगुळाचं फळ चिकट असतं. इवलेसे पक्षी ते खातात आणि बी शेजारच्या फांदीला चिकटवून जातात. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. अंगणात बघायचं मात्र सुचलं नाही. पाचव्या वर्षी आंब्याला मोहोर आला नाही, अर्ध्या फांद्या वाळल्या.

मामंजींनी जेवताना विचारलं, “सुकालूला झुबका ठेवायला कोणी सांगितलं?” आणि त्यांनी पाहिलं माझ्या नणंदेकडे, कुसुमकडे. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, दिवसभर त्या झाडावरच बसलेली असायची. “तूच ना? फुलं हवी असतील!” कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढत होते. मी वरण वाढत राहिले.

मामंजी तिच्याशी पाच दिवस बोलले नाहीत. मग यांची बदली नाशिकला झाली आणि पुढच्या वर्षी झाड पाडल्याचं पत्र आलं. बास, एवढीच माझी कीर्ती.

*

यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला कुसुमचा फोन आला. आता ती साठीची, शाळेतून निवृत्त झालेली. लग्नाला, बारशाला भेटतो आम्ही, पण घाईघाईत. तिचं सासरही रायपूरचंच, चौबे कॉलनीत घर. त्या मेलेल्या आंब्याला शेवटचं जे फळ लागलं होतं, त्याच्या कोयीचं रोप तिनं कुंडीत जपलं होतं आणि लग्नानंतर आपल्या अंगणात लावलं होतं, हे मला ठाऊक होतं.

“वहिनी,” ती म्हणाली, “तुझं बांडगूळ माझ्या आंब्यावर आलं. लय माजलं. तूच ये अन् काढ.”

‘तुझं’ म्हणाली. मी फोन ठेवला आणि माळ्यावरून माझी लहान करवत काढली.

यांचे गुडघे माझ्याहून वाईट, म्हणून मी एकटीच निघाले. नाशिक रोडहून संध्याकाळची गाडी. रात्र झोपेत गेली, सकाळी नागपूरला संत्री घेतली आणि तिथून पुढे मी खिडकीला जी चिकटले ती रायपूरपर्यंत. गोंदियाच्या पुढे जंगल जवळ येतं, मग भाताची खाचरं, कापणी झालेली, पिवळी खुंटं उन्हात चमकणारी. डोंगरगडला टेकडीवरचं मंदिर गाडीतूनच दिसतं. डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले, मीही. पण माझे डोळे झाडांवर. मोहावर बांडगूळ, आंब्यावर बांडगूळ. सत्तर वर्षांची बाई झाडं मोजत चालली होती, गुन्हेगार पोलीसचौक्या मोजतो तशी.

समोर गोंदियाला चढलेली एक बाई होती, चाळिशीची. नवरा बीरगांवला कारखान्यात कामाला, ती माहेरून परत निघालेली. तिनं डबा उघडून ठेठरी (बेसनाची कडक, वळलेली शेव समजा) पुढे केली. मी माझा डबा काढायला पिशवीत हात घातला तर आधी करवतच बाहेर आली. बाई सरकून खिडकीला टेकली.

“आजी, करवत काहून घेऊन चालल्या?”

“झाड कापायला.”

“रायपुरात करवत भेटत नाही का?”

आता इतक्या साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्यावं की नाही? पण अनोळखी माणसाला काहीही सांगता येतं. मी दुर्गपर्यंत तिला सगळी कथा सांगितली: मासिक, लाल फीत, मामंजींचे पाय, वरण. पप्पीच्या ठिकाणी ती इतकी हसली की ठेठरीचा तुकडा घशात अडकला. मी तिच्या पाठीत धपाटे घातले. वरणाच्या ठिकाणी मात्र हसली नाही. पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “हे तुमच्या नणंदेले सांगा न. मले काहून सांगून राहिल्या?”

दुर्ग ते रायपूर मी पुन्हा झाडं मोजली.

*

स्टेशनवर कुसुम उभी होती. केस सगळे पांढरे, पायात पोरींसारखे पांढरे बूट, अंगात स्वेटर. “वहिनी, तू तर वाळली!” म्हणाली आणि माझी पिशवी ओढून घेतली. रिक्षात बसल्यावर पिशवीवर हात फिरवून हसली. “करवत आणली! आमच्या रायपुरात काय लोक दातानं लाकूड कापतात?”

रायपूर मी ओळखलंच नाही. उड्डाणपूल, मॉल, कोचिंगच्या पाट्या. कुसुम मध्येच बोट दाखवायची: “हे पंडरी. कापडाचं मार्केट. तुझी ती हिरवी साडी इथलीच.” मी हिरव्या साडीत अडकले. तीच साडी नेसून मी दाराआड उभी होते.

घराशी उतरलो. फाटकातून आंबा दिसला, चांगला डेरेदार. पण मी झाडाकडे पाहिलंच नाही, कारण माझं लक्ष दारावर गेलं. चौकटीवर लाल फितीनं बांधलेली बांडगुळाची डहाळी टांगलेली. पानांना हळदीकुंकवाचे ठिपके.

“कुसुम, हे…”

“तुझ्या माहेरचं तोरण! आई होती तोवर आईनं लावलं, झाड गेल्यावर शेजारून आणून. तिच्यामागं मी लावून राहिली. एक वर्ष चुकलं नाही.” ती अभिमानानं सांगत होती. “त्याच्याचसाठी तर एक झुबका ठेवते दर वर्षी. बाकीचं काढते. यंदा मात्र बाकीचं ऐकेना, म्हणून म्हटलं, वहिनी बी.एस्सी. आहे, तिले बोलवावं.”

मी पायरीवर बसले. तिला वाटलं गुडघा.

म्हणजे दुसरं झाडही मीच मारायला घेतलं होतं. इथे पाऊल न टाकता, हजारभर किलोमीटरवरून.

आत गेल्यावर कुसुमची नात पिहू भेटली, दहा वर्षांची. मुलगा-सून दोघं नोकरीवर, पोरगी आजीजवळ. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. “नासिक वाली आजी, आप सच में आरी लेके आई हो?” म्हणाली आणि करवत बघायला पिशवीत डोकं घातलं.

दुपारी जेवायला वरण-भात, तिवऱ्याची भाजी (लाखोळीचा पाला; हिवाळ्यात तिकडे हीच, कोवळी, किंचित करकरीत) आणि टोमॅटोची भाजून केलेली चटणी. भात दुबराजचा, वास आधी येतो, ताट नंतर. कुसुम वरण वाढत होती. मी तिच्या हातातल्या पळीकडे बघत राहिले. सांगावं का आत्ता? “अजून घे न,” ती म्हणाली. मी घेतलं.

मग अंगणात गेले, शास्त्रज्ञासारखी मान वर करून. तीन ठिकाणी बांडगूळ होतं. दोन लहान, वरच्या फांद्यांना. तिसरं ते ‘तोरणाचं’. घराकडे आलेल्या जाड फांदीवर, टोपलीएवढं, फुलांनी लगडलेलं. त्याच फांदीला पिहूचा झोका. त्या फांदीची टोकाकडची पानं बारीक पडू लागली होती.

“झाडावर चढायले बिसाहू येईल,” कुसुम म्हणाली. “आपल्या सुकालूचाच पोरगा. पण गावाकडे धान झोडपून राहिला, शुक्रवारी येतो म्हणे.”

मंगळवार होता. मला बोलायला तीन दिवस मिळाले होते, आणि मी ते तीन दिवस कसे घालवले ते आता सांगते, हसा.

*

बुधवारी कुसुम मला बूढ़ापाऱ्यात घेऊन गेली. आमच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान, वर कोचिंग क्लास. आंबा जिथे होता तिथे स्कूटर उभ्या. कुसुमनं पायानं जागा दाखवली. “इथं बुंधा. इथून पहिली फांदी. मी तिथं बसायची, तुले स्वयंपाकघरात पाहत.”

मी म्हणायला तोंड उघडलं, तर दुकानातला पोरगेला मालक बाहेर आला: “माताजी, कवर चाहिए क्या?” कुसुमनं माझ्या फोनला एक कवर घेतलं, वर मोर असलेलं. संधी गेली, मोर आला.

तिथून बूढ़ा तालाबाकाठी गेलो. कडेला गाडीवर गरम चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खाल्लं. मी एका बाकावर बसून मनात वाक्य जुळवलं: ‘कुसुम, त्या दिवशी जेवताना…’ जुळवता जुळवता चटणीत लक्ष राहिलं नाही, हिरवी मिरची आख्खी चावली. पुढची दहा मिनिटं मी नुसती पाणी पीत होते आणि कुसुम माझी पाठ चोळत होती. “बी.एस्सी.ले मिरची शिकवली नव्हती का?”

गुरुवारी सकाळी पूजा. मार्गशीर्षातला गुरुवार. कलश मांडला, धूप झाला आणि कुसुम हळदकुंकवाची कोयरी घेऊन दारात उभी राहिली. “वहिनी, तुझ्या माहेरचं आहे. आधी तू लाव.”

मी सांगते तुम्हाला, आयुष्यात बरेच सोहळे केले, पण आपल्याच थापेला कुंकू लावायची वेळ कोणावर न येवो. मी हात वर केला. कुंकू पानाऐवजी माझ्याच चष्म्यावर सांडलं. कुसुमनं पदरानं चष्मा पुसला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “आई गेली त्या वर्षी उठू शकत नव्हती. पलंगावरून एवढंच विचारलं तिनं, तोरण लावलं का? मी दारातून ओरडून सांगितलं, लावलं.”

मी कलशापुढे हात जोडून उभी राहिले आणि बावीस वर्षांच्या त्या पोरीला मनातल्या मनात दोन थोबाडीत दिल्या.

त्या दिवशी दुपारी कुसुमला मला नवी राजधानी दाखवायची होती, म्हणून आम्ही नवा रायपूरला गेलो. रस्ते असे रुंद की पलीकडची बाजू दुसऱ्या गावात आहे असं वाटावं. मंत्रालयाच्या मोठमोठ्या इमारती, शिस्तीत लावलेली लहान झाडं, आणि माणूस दिसेल तर शपथ. गाड्या भुर्रकन जातात. परतीची बस आमच्या डोळ्यांदेखत गेली. पुढची कधी ते सांगायला कोणी नव्हतं. एका छपराखाली आम्ही दोघी तासभर बसलो. इतकी निवांत जागा कबुलीला पुन्हा मिळाली नसती. मी तोंड उघडलं.

“कुसुम, इथली झाडं लहान आहेत.”

“हव.”

“बांडगूळ नाही अजून त्यांच्यावर.”

“येईल,” ती म्हणाली. “पक्षी आणतातच.” आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून मग रस्त्याकडे बघू लागली. शेवटी एका मोटारवाल्या भैयानं आम्हाला शहरातल्या तेलीबांध्यापर्यंत सोडलं. मी वाटभर त्याला नाशिकच्या द्राक्षांची माहिती दिली.

*

शुक्रवारी सकाळी बिसाहू आला. पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत, कमरेला टंगिया (लहान कुऱ्हाड), खांद्यावर दोर. मला बघून हात जोडले, “बड़े दाई!” (दाई म्हणजे आई). माझी करवत हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि अदबीनं भिंतीशी ठेवून दिली. एवढ्या लांबून आणलेल्या हत्याराचा हा सन्मान.

वरची दोन बांडगुळं त्यानं अर्ध्या तासात उतरवली. दोन्ही वेळा फांदी मागे हातभर सोडून कापली. मग झोक्याच्या फांदीवर येऊन बसला.

“याले राहू दे बिसाहू,” कुसुम खालून म्हणाली. “हे तोरणाचं. फक्त पानं जरा छाट.”

बिसाहूनं मान हलवली. “पाना टोरे ले कुछु नइ होवय, दीदी. जर ह डारा के भीतरी मा हे.” (पानं तोडून काही होत नाही. मूळ फांदीच्या आत आहे.) “ए ला छोड़बे त रुख मर जाही.” (हे सोडलंत तर झाड मरेल.)

“आईची आठवण आहे ती!” कुसुमचा आवाज चढला. “एवढं एक तरी राहू दे.”

“मरही, दीदी. मोर बाप घलो कहे रहिस.” (माझा बापही सांगायचा.) मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याच्या बापानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं असेल तसं. “बता बड़े दाई. काटंव का?” (कापू का?)

पिहू झोक्यावर पाय सोडून बसली होती. कुसुम बुंध्याला हात लावून उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मी ओळखला. ताटावरचा. या वेळी माझ्या हातात वरणाचं भांडं नव्हतं.

“कुसुम,” मी म्हटलं, “त्या वेळी सुकालूला झुबका ठेवायला मी सांगितलं होतं. तू नाही.”

“मले माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“मी झाडावरच होती न, वहिनी. तू दारातून त्याले म्हटलं, बड़ा वाला छोड़ दो. हिरवी साडी घातली होती.”

मी झाडाच्या पारावर बसले. “मग तू बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून वाट पाहिली. पाच दिवस. बाबा बोलत नव्हते त्याचं काही नाही, ते तर नेहमीच रुसत. मले राग तुझा आला होता. मग म्हटलं, हिले बाबांनी बोललं तर ही नाशिकले निघून जाईल, अन् मले गणित कोण शिकवील? मॅट्रिक होती न माझी!” ती किंचित हसली, मग हसली नाही. “त्याच्यानंतर तू खरंच गेली. मी म्हटलं, आता फोनवर सांगील, पत्रात सांगील. लग्नात सांगील. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली न? यंदा बांडगूळ माजलं तर बरंच वाटलं मले. म्हटलं, आता येईल.”

बिसाहू वर फांदीवर बसून सगळं ऐकत होता. तिकडे झाडावरचा माणूस नेहमीच ऐकतो, हे मी आता शिकले.

“अजून एक आहे,” मी म्हटलं.

“अजून?”

“ते तोरण. नाशिकला कोणी लावत नाही. माझ्या माहेरी असं काही नव्हतं. इंग्रजी मासिकात चित्र होतं. नाताळात विलायतेत टांगतात, त्याच्याखाली… तुझा भाऊ यावा म्हणून मी ते टांगलं. तो येईल आणि…” सत्तराव्या वर्षी मला तो शब्द पोरीसमोर उच्चारवेना.

पिहूनं झोक्यावरून उडी मारली. “दादी, मिसलटो! उसके नीचे पप्पी देनी पड़ती है! मेरे पास भी है, स्कूल के क्रिसमस के लिए!” आणि धावत जाऊन प्लास्टिकची हिरवी डहाळी घेऊन आली, पांढऱ्या मण्यांची. ती मण्यांची डहाळी एका हातात आणि डोक्यावर खरं बांडगूळ. “ये असली वाला है? हमारे पेड़ पे? और आपने बताया नहीं?”

कुसुमनं दाराकडे पाहिलं, तोरणाकडे, हळदीच्या ठिपक्यांकडे. मी डोळे मिटले. सासूबाईंचं पलंगावरचं वाक्य माझ्या कानात होतं.

मग एक विचित्र आवाज आला. मी डोळे उघडले तर कुसुम अंगणातच खाली बसली होती, पदर तोंडाशी धरून, आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे वाटलं. हसत होती. “बाबा… बाबा त्याच्याखालून देवपूजेले जात होते! दररोज! सोवळ्यानं!” मी हसले. पिहू हसली. फांदीवर बिसाहूही दात काढून हसत होता, त्याला किती समजलं देव जाणे.

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि ते पुसताना जरा जास्त वेळ लागला. “आईनं इतकी वर्षं त्याले कुंकू लावलं, वहिनी.”

“हो गं.”

“मनानं लावलं.”

“हो.”

ती उठली, पिहूचा झोका फांदीवरून स्वतः सोडला, दोर गुंडाळून काखेत घेतला. “सांग त्याले. माझ्यानं नाही सांगवत. तूच ठेवायले सांगितलं होतं, तूच काढायले सांग.”

मी मान वर केली आणि मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी, म्हटलं, “बिसाहू, काट दो. पूरा.”

फांदी पडताना अंगण हादरलं. फुलं सगळीकडे विखुरली, केशरी, नळीसारखी. अजूनही देखणी. बिसाहूनं बांडगुळाचा एक तुकडा धडप्यात बांधून घेतला. “कोठी मा रखबो त धान नइ सिराय,” म्हणाला. (धान्याच्या कोठीत ठेवलं की धान संपत नाही.) मी त्याला खोटं पाडायला गेले नाही. एका दिवसाला एक तोरण उतरवलं तेवढं पुरे.

दारावरची डहाळी कुसुमनंच उतरवली. संध्याकाळी आम्ही ती तिच्या हळदीकुंकवासकट आंब्याच्या आळ्यात पुरली. झाड आता एका बाजूनं उघडं दिसतं, केस कापायला बसलेलं पोर मध्येच पळून गेल्यासारखं. जखमेला शेण-माती लावली. त्या बाबतीत बी.एस्सी.ला काही विचारण्यात आलं नाही.

शनिवारी निघताना कुसुमनं डब्यात ठेठरी आणि गुळाची गोड खुरमी भरून दिली आणि करवत ठेवून घेतली. “राहू दे. पुन्हा येशील तेव्हा लागेल.”

*

नाशिकला परत येऊन यांना सगळं सांगितलं. पुऱ्या अठ्ठेचाळीस वर्षांनी त्यांना समजलं की कपाळावर काय आपटलं होतं. कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, “म्हणजे मी त्याला कचरा म्हटलं होतं!” आणि तेव्हापासून आमच्या माजघराच्या दारातून जाताना उगीचच वर बघतात. मी काही टांगलेलं नाही. मान मात्र दर वेळी वर जाते.

बांडगुळाला मी लबाड म्हटलं खरं, पण अभ्यासात शिकलेली एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायला हवी. त्याची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः करतं. झाडाकडून पाणी तेवढं ओढतं. माझी थापही तशीच होती. तिला सासूबाईंच्या घरी स्वतःची पानं फुटली, फुलं आली, एका आजारी बाईला शेवटच्या वर्षी तिचा आधारही झाला. फक्त पाणी ती सगळा वेळ कुसुमचं पीत होती. हे मला फांदी पडल्यावर दिसलं, त्याआधी नाही. आणि मी म्हणे वनस्पतिशास्त्राची!

मार्गशीर्ष संपल्यावर दुसऱ्या दिवशी कुसुमचा फोन आला. झाड बरं आहे म्हणाली, कापल्या जागेच्या खाली दोन लाल कोंब आलेत. मी विचारलं, शेवटच्या गुरुवारी दाराला काय लावलंस? ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

“काहीच नाही लावलं, वहिनी. सवयीनं कोयरी घेऊन दारात उभी राहिली, अन् वर पाहते तर रिकामं. मग कुंकू पिहूच्या कपाळाले लावलं अन् तिची एक पप्पी घेतली. आई असती तर तिचीही घेतली असती. तू लांब आहेस म्हणून वाचलीस.”